किडनी शिकवणारी अ‍ॅप्स : सोलापूरच्या वॉर्डात कोणतं टिकतं?

इंटर्नशिपला किंवा मेडिसिन रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला लागलेल्या मुलामुलींनी किडनीचा विषय शिकायला मोबाइलवर काय ठेवावं, हा प्रश्न नव्या बॅचबरोबर दर वर्षी येतो. या परीक्षणासाठी चार गोष्टी घेतल्या: एमडीकॅल्क आणि क्यूएक्सएमडीचं कॅल्क्युलेट ही वैद्यकीय कॅल्क्युलेटर, केस सोडवायला देणारं नेफसिम आणि पाठांतराच्या कार्डांचं अँकीड्रॉइड. कसोटी एकच ठेवली. शिकाऊ डॉक्टर चुकीच्या जागी चुकीचा आकडा भरायला निघाला, तर हे साधन त्याला अडवतं का? उत्तर काढून देणारी अ‍ॅप्स पैशाला पासरी मिळतात. अडवणारी फार थोडी आहेत.

सोलापूरला ही कसोटी जास्तच लागू पडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हात राबून कोरडे पडलेले मजूर लघवी बंद झाली म्हणून कॅज्युअल्टीत येतात. ऊसतोडीच्या हंगामात अंगदुखीची गोळी मेडिकलमधून थेट घेऊन दिवसाला तीन-तीन खाणारे असतात. पावसाळ्यात गॅस्ट्रो, शेतात घोणस चावलेले, आणि बारा महिने साखर-बीपीचे जुने पेशंट. यातल्या बहुतेकांचं आधीचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) कुणालाच माहीत नसतं. परदेशी अ‍ॅप मात्र ते माहीत आहे असं धरूनच चालतं.

एमडीकॅल्कपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो. फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं, एकदा लॉगिन केलं की नेट नसतानाही बहुतेक कॅल्क्युलेटर उघडतात. त्याची खरी किंमत आकड्यांच्या रकान्यांमध्ये नाही, तर बाजूच्या टॅबमध्ये आहे. कधी वापरायचं, कुठे फसतं, सूत्र कशावरून आलं हे प्रत्येक कॅल्क्युलेटरला जोडून दिलेलं असतं. शिकवणाऱ्यांनी हा टॅब आधी उघडायला लावावा आणि रकाने नंतर. मुलं नेमकं उलटं करतात.

ईजीएफआरचंच (किडनी मिनिटाला किती मिली गाळते, याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज) बघा. २८ वर्षांचा ऊसतोड कामगार, क्रिएटिनिन काल १.०, आज २.२, चोवीस तासांत लघवी जेमतेम १०० मिली. ईजीएफआर काढायच्या सीकेडी-ईपीआय २०२१ च्या सूत्रात २.२ भरलं की उत्तर येतं ४१. रेसिडेंट समाधानाने ४१ ला चालेल असा अँटिबायोटिकचा डोस लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात या माणसाची किडनी त्या क्षणी जवळजवळ काहीच गाळत नाहीये. क्रिएटिनिन रक्तात साचायला वेळ लागतो, म्हणून आकडा मागे रेंगाळतो. उद्या तो ३.८ होईल आणि परवा त्याहून वर. हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असलेल्या माणसांसाठी बनलंय. अ‍ॅपमध्ये तशी सूचना आहे, पण ती वाचल्याशिवाय उत्तर मिळणार नाही अशी सोय नाही. आमच्या मते ती असायला हवी होती. एक साधा प्रश्न पुरला असता: कालचं क्रिएटिनिन किती होतं?

दुसरं उदाहरण वयस्कर पेशंटचं. ७० वर्षांच्या आजी, वजन ३८ किलो, उंची १४८ सेंटीमीटर, क्रिएटिनिन ०.९. रिपोर्ट नॉर्मल म्हणून बाजूला पडतो. अ‍ॅपमध्ये ईजीएफआर काढला तर ६९ येतो. पण हा आकडा १.७३ चौरस मीटर अंगाच्या माणसाचा आहे. आजींचं अंग साधारण १.२५ चौरस मीटर. तो हिशेब लावला की ६९ चे ५० होतात. वजन धरणाऱ्या जुन्या सूत्राने, कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने, काढलं तर ३५. एकाच आजींचे ६९, ५० आणि ३५ असे तीन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून डॅबिगॅट्रानचा (रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा) डोस कोणत्या आकड्यावर ठरवायचा, हे विचारलं की वर्गात खरी चर्चा सुरू होते. (औषधाच्या लेबलवर डोस कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर दिलेला असेल तर तोच आकडा धरायचा. आणि आजींचे स्नायूच कमी आहेत, तेव्हा क्रिएटिनिनवर बेतलेलं कुठलंही सूत्र थोडं गोडच बोलणार, हेही तिथेच सांगायचं.) या कामाला एमडीकॅल्क उत्तम, कारण दोन्ही सूत्रं एकाच ठिकाणी आहेत आणि एकक बदलायला नुसतं एककावर बोट ठेवावं लागतं.

एककाचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात मोठा खड्डा दाखवायला हवा. आपल्याकडच्या बहुतेक लॅब ‘ब्लड युरिया’ देतात. अमेरिकी अ‍ॅप्स ‘बीयूएन’ (युरियातल्या फक्त नायट्रोजनचं प्रमाण) मागतात. दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्येच असतात, त्यामुळे एकक बघून शंका येत नाही. युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतं. ब्लड युरिया १२० असेल तर बीयूएन ५६. ऑस्मोलॅलिटीच्या (विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाच्या) सूत्रात बीयूएनला २.८ ने भागतात. ५६ चे होतात २०, पण थेट १२० भरलं तर ४३. म्हणजे २३ मिलिऑस्मोल हवेतून आले. विषबाधेच्या पेशंटमध्ये ऑस्मोलर गॅप (मोजलेल्या आणि सूत्राने काढलेल्या ऑस्मोलॅलिटीतला फरक) काढताना एवढी चूक झाली तर खरा गॅप झाकला जातो आणि मिथेनॉल प्यायलेला माणूस डायलिसिसविना राहतो. तसंच बीयूएन-क्रिएटिनिन गुणोत्तर २० च्या वर गेलं की प्रीरीनलचा (किडनीला रक्तपुरवठा कमी पडल्याने झालेल्या बिघाडाचा) विचार करा, असं पुस्तक सांगतं. युरिया तसाच वापरला तर तो उंबरठा ४३ च्या आसपास जातो. हे न कळल्यामुळे निम्मा वॉर्ड प्रीरीनल ठरतो आणि सगळ्यांना सलाइन चढतं. फ्रॅक्शनल एक्स्क्रीशन ऑफ युरिया (गाळलेल्यातला किती टक्के युरिया लघवीत गेला) आणि केटी बाय व्ही (डायलिसिस पुरेसं झालं का, याचं माप) यांत मात्र आधीच्या-नंतरच्या किंवा लघवी-रक्ताच्या युरियाचं गुणोत्तर असतं, तिथे दोन्हीकडे युरियाच भरला तर बिघडत नाही. हा फरक ज्याला समजावून सांगता येतो त्याला सूत्र समजलं असं मानायला हरकत नाही.

अ‍ॅनायन गॅपमध्ये (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा केल्यावर उरणारा आकडा) अल्ब्युमिनचा रकाना ऐच्छिक ठेवलाय, आणि ऐच्छिक म्हणजे मुलांच्या लेखी वगळण्याचा. सोडियम १३८, क्लोराइड ११२, बायकार्ब १२: गॅप १४, म्हणजे फार काही नाही असं वाटतं. अल्ब्युमिन नेहमीच्या ४ ऐवजी २.० आहे हे भरलं की प्रत्येक १ ग्रॅम तुटीला २.५ या हिशेबाने गॅप १९ होतो. गॅप नेहमीच्या १२ वरून सातने वाढला, बायकार्ब २४ वरून बाराने उतरलं, गुणोत्तर ०.६ च्या आत. जुलाबाची अ‍ॅसिडोसिस आणि तिच्या जोडीला लॅक्टेटसारखी दुसरी, असं हे मिश्रण. गॅस्ट्रोच्या कुपोषित पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं आणि रकाना रिकामा राहिला की हमखास हुकतं.

फेना, म्हणजे सोडियमचं फ्रॅक्शनल एक्स्क्रीशन, काढायला अ‍ॅप अगदी सोपं करतं आणि तिथेच घोळ होतो. लॅसिक्स (लघवी वाढवणारं इंजेक्शन) दिल्यावर घेतलेल्या लघवीवर ते काढण्यात अर्थ नाही. सॅम्पल आधी पाठवायचं, इंजेक्शन नंतर. शिवाय स्नायू विरघळून किंवा रक्तपेशी फुटून झालेल्या किडनीच्या इजेत फेना १ टक्क्याच्या खाली राहू शकतं. उन्हात कोसळलेल्या मजुराची लघवी कोकाकोलासारखी येत असेल तर फेना ०.६ आलं म्हणून प्रीरीनल म्हणून सोडून देऊ नये, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्तचाचणी) पाठवावं.

क्यूएक्सएमडीच्या कॅल्क्युलेटबद्दल थोडक्यात. एका वेळी एक प्रश्न अशी त्याची मांडणी आहे. गर्दीत वेळखाऊ वाटते, पण नवख्यासाठी बरी, कारण प्रत्येक रकान्यापाशी थांबावं लागतं. एमडीकॅल्क असताना सगळ्यासाठी हेही ठेवायची गरज नाही. ओपीडीत किडनी फेल्युअर रिस्क इक्वेशन शिकवायला मात्र जरूर वापरावं. वय, लिंग, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर या चारांवरून दोन आणि पाच वर्षांत डायलिसिसची पाळी येण्याचा धोका निघतो. अटी दोन. ईजीएफआर ६० च्या खाली आणि स्थिर हवा. आणि कॅल्क्युलेटर प्रदेश विचारत असेल तर उत्तर अमेरिकेबाहेरचा पर्याय निवडायचा, नाहीतर धोका फुगवून दिसतो. गुणोत्तर मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये आहे की प्रति मिलिमोलमध्ये हे बघायचं, दोन्हींत जवळपास नऊपटीचा फरक आहे. केडीगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच वर्षांचा धोका ३ ते ५ टक्के झाला की किडनीतज्ज्ञाकडे पाठवावं आणि दोन वर्षांचा धोका ४० टक्क्यांवर गेला की डायलिसिसची तयारी सुरू करावी. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्यांची केलेली जोडणी) वापरायजोगा व्हायला आठवडे-महिने लागतात. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून येणाऱ्या पेशंटला हे वेळेत सांगितलं गेलं, तर मानेतल्या कॅथेटरवर घाईघाईने सुरुवात करायची वेळ टळते.

आता सोडियम. सगळ्या अ‍ॅप्समधला सगळ्यात धोकादायक कॅल्क्युलेटर हाच, असं आमचं स्पष्ट मत आहे. ६५ वर्षांच्या बाई, ५० किलो, बीपीसाठी थायझाइड (लघवी वाढवणारी गोळी) चालू, सोडियम ११०, झटके आलेत. एक लिटर सलाइनने सोडियम किती बदलेल, हे काढणारं अद्रोग-मादियासचं सूत्र सांगतं: शरीरातलं पाणी ५० गुणिले ०.४५, म्हणजे २२.५ लिटर, ३ टक्के सलाइनमध्ये सोडियम ५१३, म्हणून ५१३ वजा ११०, भागिले २३.५, बरोबर १७. एक लिटरला १७, म्हणजे १०० मिलीला १.७. इथपर्यंत ठीक. शंभर मिली दहा मिनिटांत, झटके थांबले नाहीत तर पुन्हा, जास्तीत जास्त तीनदा, आणि चार-सहा अंकांची वाढ मिळाली की हात आखडता. चूक होते ती पुढे. सूत्रात लघवी कुठेच नाही. थायझाइड बंद झालं, पोट भरलं, उलट्या थांबल्या की किडनी एकदम पाणी सोडू लागते आणि सोडियम सूत्राला न विचारता चढतं. पोटॅशियम कमी म्हणून दिलेलं केसीएलही सोडियम वाढवतं, तेही हिशेबात धरलं जात नाही. म्हणून अ‍ॅपने दर तासाचा वेग दिला तरी दर चार तासांनी सोडियम, दर तासाला लघवी मोजणं, आणि लघवी तासाला १०० मिलीच्या वर गेली की लगेच सीनियरला फोन. चोवीस तासांत ८ च्या वर जाऊ द्यायचं नाही, विशेषतः दारू, कुपोषण किंवा कमी पोटॅशियम असेल तर.

याच सूत्राची दुसरी बाजूही वर्गात दाखवावी. एसआयएडीएचच्या (संप्रेरक जास्त झाल्याने किडनी पाणी धरून ठेवते त्या विकाराच्या) पेशंटला नॉर्मल सलाइन दिलं तर अ‍ॅप म्हणतं, लिटरमागे सोडियम जवळपास २ ने वाढेल. प्रत्यक्षात ते उतरू शकतं. लघवी घट्ट असेल तर किडनी दिलेलं मीठ थोड्याशा पाण्यात बाहेर टाकते आणि उरलेलं पाणी अंगातच ठेवते. अ‍ॅप वर म्हणतंय, रिपोर्ट खाली आलाय. लघवीची ऑस्मोलॅलिटी का मागवायची, हे इतकं ठसठशीतपणे दुसऱ्या कशाने कळत नाही.

नेफसिम ही तशी वेबसाइट आहे, पण फोनवर वाचता येईल अशीच बांधलेली. फुकट आहे. एक केस टप्प्याटप्प्याने उलगडते: आधी कहाणी, मग प्रश्न, तुम्ही उत्तर दिल्यावर पुढचा रिपोर्ट, गरज असेल तिथे बायोप्सीचं चित्र. आधी मत बनवायला लावणं हा तिचा मोठा गुण. कॅल्क्युलेटर कधीच ते करत नाही. एका केसला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सकाळच्या राउंडनंतर चार जणांनी एका फोनभोवती बसून सोडवली तर सर्वांत उपयोगी, कारण वाद होतो. उणीव एकच, पण ठळक. तिथली रुग्णसृष्टी अमेरिकी आहे. घोणस नाही, लेप्टोस्पायरोसिस नाही, भस्माच्या पुड्या नाहीत. ग्लोमेरुलर (किडनीच्या गाळण्यांचे) आजार आणि इलेक्ट्रोलाइट शिकायला अव्वल, पण सोलापूरची कॅज्युअल्टी शिकायला अपुरी.

चित्रांवरून एक गोष्ट सुचवावीशी वाटते, तिला कोणतंच अ‍ॅप लागत नाही. फोनचा कॅमेरा मायक्रोस्कोपला लावा. दोन तासांच्या आतली ताजी लघवी १० मिली, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांनी पाच मिनिटं, वरचं पाणी ओतून अर्धा मिली ठेवायचा, नळी बोटाने टिचकी मारून हलवायची, एक थेंब स्लाइडवर, कव्हरस्लिप. कंडेन्सर खाली आणि प्रकाश कमी. नाहीतर हायलाइन कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार झालेले पारदर्शक साचे) दिसतच नाहीत, नेमकं इथेच बहुतेक जण हरतात. आधी दहाच्या लेन्सने कडा बघायच्या, कास्ट तिकडे सरकलेले असतात, मग चाळीसने. फोन आयपीसवर धरून गोल पूर्ण दिसेपर्यंत मागेपुढे करायचा, झूम नको. मातकट तपकिरी ग्रॅन्युलर कास्टचा एक स्वच्छ फोटो एटीएनवरच्या (किडनीच्या नळ्यांच्या पेशी मरण्यावरच्या) दहा स्लाइड्सच्या लेक्चरला भारी पडतो. हे फोटो पुढे अँकीत जातात.

अँकीड्रॉइड आमच्या यादीत सगळ्यात वर आहे, आणि गंमत म्हणजे त्यात किडनीबद्दल स्वतःचं एक अक्षर नाही. ती नुसती पाठांतराची पेटी आहे. आठवलं तर प्रश्न-उत्तराचं कार्ड लांबच्या तारखेला, विसरलं तर पुन्हा लगेच. अँड्रॉइडवर पूर्ण फुकट आणि नेटशिवाय चालणारं. आयफोनवरचं अधिकृत अ‍ॅप मात्र विकत घ्यावं लागतं. साधारण त्याच नावाची वेगळी अ‍ॅप्स स्टोअरमध्ये आहेत. ‘अँकीड्रॉइड’ हे पूर्ण नाव बघूनच उतरवून घ्या.

तयार अमेरिकी डेक (कार्डांचा संच) आणून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरावा. हायपरकेलेमियाच्या (रक्तात पोटॅशियम वाढण्याच्या) कार्डावर लिहिलेलं असतं: इन्सुलिन १० युनिट आणि ५० टक्के डेक्स्ट्रोजचं एक अ‍ॅम्प्यूल. आपल्या ट्रॉलीत असते २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली. दोन्हींत साखर २५ ग्रॅमच, पण रात्री तीनला पाठ केलेलं ‘५० मिली’ तोंडात असलेला मुलगा २५ टक्क्यांचं ५० मिली देतो, म्हणजे साखर निम्मी. किडनी बंद असताना इन्सुलिन रेंगाळतं. दोन तासांनी पेशंट घामाघूम. म्हणून डेक इथेच, आपल्या औषधांवर बनवावा.

कार्ड कसं असावं, याचा नमुना देतो. ‘हायपरकेलेमियाचे उपचार लिहा’ हे कार्ड निकामी, त्याचं उत्तर कुणीच पूर्ण आठवत नाही आणि अर्धं आठवलं तरी बटण दाबून पुढे जातो. त्याऐवजी पुढच्या बाजूला: ‘पोटॅशियम ७.२, ईसीजीत क्यूआरएस रुंद. पहिलं औषध?’ मागे: ‘१० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, तीन ते पाच मिनिटांत, मॉनिटर लावून. ईसीजी तसाच राहिला तर पाच मिनिटांनी पुन्हा.’ दुसरं कार्ड: ‘याने पोटॅशियम किती उतरतं?’ ‘अजिबात नाही. हृदय सांभाळतं, तेही अर्धा ते एक तास.’ तिसरं: ‘इन्सुलिननंतर शुगर किती वेळ बघायची?’ ‘दर तासाला, किमान सहा तास.’ एका कार्डावर एकच गोष्ट. घोणशीसाठी: ‘वीस मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट कशात?’ ‘स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त, न हलवता. प्लास्टिकची सिरिंज किंवा डिटर्जंटने धुतलेली नळी चालत नाही.’

रोजच्या नव्या कार्डांचा आकडा सुरुवातीला २० असतो. ड्युटी करणाऱ्याने तो ५ वर आणावा. २० ने गेलं की दोन आठवड्यांत उजळणीचा ढीग शंभराच्या पुढे जातो, एक इमर्जन्सी रात्र बुडते आणि अ‍ॅप कायमचं बंद होतं. डेक असाच सुटतो.

चारही साधनांत एक पोकळी सारखीच आहे: इतिहास कसा विचारायचा हे कुणी शिकवत नाही. सोलापुरात पूर्व भागातला विणकर तेलुगूत सांगतो, अक्कलकोटकडचा कानडीत, मोहोळचा मराठीत. ‘औषध घेता का?’ याला तिघंही नाही म्हणतात, कारण अंगदुखीची गोळी, काढा आणि भस्म हे त्यांच्या लेखी औषध नसतं. ‘दुखल्यावर मेडिकलमधून कोणती गोळी आणता? पाकीट आहे का?’ असं विचारावं लागतं. हे तीन भाषांतले प्रश्न अँकीत आवाज रेकॉर्ड करून घालता येतात. वॉर्डातल्या सिस्टर किंवा मामांकडून उच्चार नीट करून घ्यावेत.

फोटोंबाबत कडक राहा. ईसीजीच्या वरच्या पट्टीवर नाव आणि नंबर असतो, रिपोर्टच्या कोपऱ्यात बारकोड असतो. कार्डात टाकण्याआधी दोन्ही कापायचे, नुसती काळी रेघ ओढून भागत नाही. पेशंटची परवानगी आणि विभागाची मान्यता घेऊनच फोटो काढायचा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे करायलाच हवं होतं.

डेक विभागात एकाच्या नावावर ठेवावा, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या, आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी तारीख आणि ते कशावरून घेतलं ते लिहावं. सीकेडीची (किडनीच्या जुनाट आजाराची) केडीगोची आधीची आवृत्ती २०१२ ची, नवी २०२४ ची. ईजीएफआरचं सूत्र २०२१ मध्ये बदललं. तारीख नसलेलं जुनं कार्ड बॅचमागून बॅच तसंच पुढे जातं आणि चूक त्यासोबत पक्की होत जाते. नवी मुलं यायच्या आत जुन्या तारखांची कार्डं गाळणीतून काढायला एक दुपार पुरते.